परदेशी निघालेल्या रुग्णाची चिठ्ठी

सीमा म्हणजे काय, हे आपल्या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही, असा आपला समज आहे. परंतु निपाणीचा माणूस सकाळी कागलला जातो, दुपारी कोल्हापुरात एखाद्या तज्ज्ञाला प्रकृती दाखवतो आणि दिवेलागणीला घरी परततो. त्याच्या पिशवीत काय आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही. अपवाद घडला तो २०२१ साली. कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरचा अहवाल पाहिल्याविना पुढे सोडत नसत. सीमेवर माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्या हातातील कागदाला अधिक किंमत असते, हे तेव्हा आपल्याला उमगले. परदेशप्रवासाच्या बाबतीत मात्र तो धडा आपण, विशेषतः आपण डॉक्टर मंडळी, गिरवीत नाही, असे खेदाने म्हणावेसे वाटते.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझे एक जुने रुग्ण, निवृत्त शिक्षक, मुलीकडे दुबईला निघाले. कंबरदुखीसाठी मी त्यांना ट्रॅमाडॉल देत असे. "डॉक्टरसाहेब, या गोळ्या तिकडे चालतील ना?" असे त्यांनी विचारले. "न चालायला काय झाले, गुरुजी?" असे म्हणत मी घाईघाईने चिठ्ठी खरडून दिली. हे औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडते आणि ते नेण्यासाठी तेथील सरकारी पूर्वपरवानगी घ्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. गुरुजींना विमानतळावर कित्येक तास बसवून ठेवले. माझे अक्षर तेथे कोणालाही लागेना. अखेर गोळ्या काढून घेऊन त्यांना सोडण्यात आले. परतल्यावर ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच मनाला अधिक लागले.

परदेशातील सुरक्षितता म्हटली की आपल्याला पाकीटमार आणि अंधाऱ्या गल्ल्या आठवतात. त्यांपासून सावध राहावेच. परंतु मुला-नातवंडांकडे निघालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचा धोका बहुधा त्यांच्याच सामानात असतो, आणि तो तेथे ठेवण्यास आपले अज्ञान व आपली भीड कारणीभूत होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अज्ञानाची जबाबदारी आपल्या व्यवसायाकडे येते. औषधे मूळ नावाने व सुवाच्य अक्षरात लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला होता. परदेशी जाणाऱ्यासाठी तर ते अत्यावश्यकच होय, कारण आपली व्यापारी नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन आणि साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल म्हणतात. गोळ्या मूळ वेष्टनातच असाव्यात. इन्शुलिन हातातील पिशवीत ठेवावे. विमानाच्या पोटातील सामानात ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. विमा उतरवताना मधुमेह वा हृदयविकार लपवू नये. लपवलेल्या आजारापायी ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून अधूनमधून उठून चालावे, हे सांगायला आपल्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

भिडेचे प्रकरण अधिक अवघड आहे. "आमच्या पोरासाठी एवढी पुडी न्या" असे शेजाऱ्याने म्हटले की आपल्याकडे नाही म्हणवत नाही. दिवाळीच्या फराळातील अनारशांवर खसखस असते. ती अमिरातीत व सिंगापुरात निषिद्ध आहे. निपाणीत ज्या तंबाखूवर पिढ्या पोसल्या, ती खाण्याची तंबाखू सिंगापुरात नेणे हा गुन्हा ठरतो. आणि पुडीत याहून भयंकर काही निघाले तर? २०१९ च्या जुलैत मुंबईचे एक दांपत्य नातलग स्त्रीने दिलेले पुडके घेऊन कतारला उतरले. त्यात सुमारे चार किलो चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, तिची मुलगी तुरुंगातच जन्मली. २०२१ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली, पण दरम्यानची वर्षे त्यांना कोण परत देणार? तेव्हा स्वतः भरली नाही ती वस्तू नेऊ नये, मग देणारा सख्खा का असेना. आणि प्रसंग ओढवलाच तर न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही न करता भारतीय वकिलातीशी संपर्काची मागणी करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार तो आपला हक्क आहे.

परदेशी निघालेल्या प्रत्येक रुग्णास आजार, औषधांची मूळ नावे, मात्रा आणि डॉक्टरांची सही-शिक्का असलेले एक पानी पत्र द्यावे आणि त्या देशाचे औषधविषयक नियम आधी पाहावेत, एवढा परिपाठ आपल्या संघटनेने पाडावा, अशी माझी विनंती आहे.

पुढच्या वर्षी गुरुजी पुन्हा दुबईला निघाले. या खेपेस मी औषध बदलले आणि ठळक अक्षरात पत्र लिहून दिले. चष्मा सावरीत त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अक्षर सुधारले हो तुमचे!"