भोवरे पाहता, खूर कोण पाहणार?

शेतकरी बंधूंनो, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आपण दात बघतो, रंग बघतो, भोवरे तर मोजून बघतो. खूर मात्र कुणी बघत नाही. घोडा सपाट जागी उभा करा, बाजूने पहा. खुरावरचा तिरपा भाग आणि खुराची पुढची भिंत एका रेषेत हवी. पुढचे टोक वाढले, टाच बसली की ही रेष मोडते आणि मागच्या शिरेवर ताण येतो. दोष नालेचा नव्हे, तीन-तीन महिने तीच नाल ठेवणाऱ्याचा! सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवा. मात्र वाकडेपण एकाच दमात छाटायला लावू नका.

दुसरे संकट दाण्याचे. पोत्यात तोंड घालून घोड्याने भरपेट धान्य खाल्ले की एक-दोन दिवसांत खूर तापतात, आतली पकड सुटते आणि हाड खाली वळते. असा घोडा ‘चालवला की मोकळा होईल’ म्हणणारे शहाणे गावोगाव भेटतात. चालवू नका. मऊ वाळूत उभा करा, दाणा बंद करा. धान्य खाल्ल्याचे कळताच डॉक्टर गाठा, लंगडण्याची वाट कसली बघता?

हाड किती वळले ते एक्स-रेशिवाय कळत नाही. घोड्यासाठी ती सोय जवळ कुठे आहे, हे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने यात्रेआधी ग्रामपंचायतींना कळवावे, आणि बाजारात डॉक्टरशेजारी एक जाणता नालबंदही बसवावा.