तबकडी, बटण आणि कान

'डीजे' हा शब्द आपल्याकडे आता माणसाचा राहिलेला नाही. मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला आपण डीजे म्हणतो आणि खिडक्यांच्या काचा थरथरू लागल्या की तिच्या नावाने खडे फोडतो. मुळात डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या निवडून वाजवणारा माणूस. शब्दातली तबकडी गेली, माणूसही गेला. उरला तो नुसता आवाज. म्हणूनच, तबकडी श्रेष्ठ की संगणक, हा या धंद्यातला वाद आपणही समजून घ्यायला हरकत नाही.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने पार्टी ठेवली होती. तिचा भाऊ, जमैकातून आलेला अठरा वर्षांचा कूल हर्क, रेकॉर्डी वाजवत होता. गाण्यापेक्षा मधल्या तालवाद्यांच्या तुकड्यावर लोक अधिक नाचतात, हे त्याने हेरले होते. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन यंत्रांवर आलटून पालटून वाजवत तो हा तुकडा लांबवू लागला. हिप-हॉपचा उगम इथे मानतात.

या मंडळींचे लाडके यंत्र म्हणजे टेक्निक्सचे एसएल-१२००. ते आले १९७२ मध्ये. त्याची तबकडी पट्ट्याने नव्हे तर थेट मोटारीवर फिरते. बोटाने थांबवून सोडली की क्षणात वेग पकडते. १९७९ च्या आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकती खुंटी आली. एका कानाला हेडफोन, एक हात त्या खुंटीवर, आणि दोन गाण्यांचे ठेके असे जुळवायचे की नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये! आज 'सिंक'चे बटण दाबले की संगणक हे काम आपोआप करतो. जुने जाणते याला लबाडी म्हणतात.

बँकेत संगणक आले तेव्हा असेच उसासे मी ऐकले आहेत. झरझर बेरजा मारणाऱ्या लेजर कीपरचा मान गेला, हे खरे. पण कर्ज कुणाला द्यावे, हे समोरच्या माणसाला पाहूनच ठरवावे लागे. ठेका जुळवणे ही बेरीज आहे. पुढचे गाणे कोणते, हा कर्जाचा निर्णय!

शिवाय तबकडीवाचून काही अडते असेही नाही. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर गोवा ट्रान्स वाढले ते कॅसेट आणि डॅट या डिजिटल फितीवर. उन्हात रेकॉर्ड वाकते, हे आपल्या घरातल्या जुन्या रेकॉर्डीही सांगतील. गोवा गिल २०२३ मध्ये गेले. त्यांचे नाव झाले ते डॅटवर वाजवूनच. आणि रेकॉर्डींची खोकी विकत घेणे ज्यांना परवडत नाही, त्या मुलांना संगणकाने दार उघडून दिले, हे कसे विसरायचे?

तरीही तबकडीकडून शिकण्यासारखे एक आहे. खोक्यात मावतील तेवढ्याच रेकॉर्डी नेता येतात. म्हणून घरीच विचार करावा लागतो. संगणकात हजारो गाणी असली की विचार पुढे ढकलला जातो आणि शेवटी पुढचे गाणेही संगणकच सुचवतो. धोका बटणात नाही, इथे आहे. निवड यंत्राकडे गेली की डीजे पुन्हा कर्ण्यांची भिंतच होतो. २०१० मध्ये बंद पडलेले एसएल-१२०० २०१६ मध्ये परत आले, २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डींच्या विक्रीच्या रकमेने सीडींना मागे टाकले. यात हौस आणि मिरवणे आहेच. पण स्वतः निवडण्याची भूकही आहे, असे मला वाटते.

तेव्हा घरातल्या मुलाने किंवा मुलीने डीजे व्हायचे म्हटले तर कपाळाला हात लावू नका. महागडी जुनी यंत्रेही घेऊ नका. साधा कंट्रोलर घेऊन द्या आणि सहा महिने 'सिंक'च्या बटणावर चिकटपट्टी लावा. मग घरच्या एखाद्या कार्यात फक्त वीस गाणी निवडायला सांगा आणि प्रत्येक गाणे का घेतले ते विचारा. उत्तर देता आले तर पोराला कान आहे. मग त्याने तबकडी वाजवावी की बटण दाबावे, हा प्रश्न त्याच्यावर सोडायला हरकत नाही.