परिचारिकेचे ज्ञान आणि रुग्णालयाचा हिशेब

अतिदक्षता विभागात औषध लिहून देतात डॉक्टर. रुग्णाच्या शरीरात ते पोचते परिचारिकेच्या हातून. हृदयाच्या औषधांबाबत हा शेवटचा टप्पाच निर्णायक असतो. डिगॉक्सिन देण्यापूर्वी हृदयाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजावे लागतात. प्रौढ रुग्णात ते ६० हून कमी भरल्यास औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे लागते. रक्तातील पोटॅशियम घटले असेल, तर हेच औषध नेहमीच्या मात्रेतही विषारी ठरू शकते. नॉरॲड्रेनलिन तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. तेथे दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते.

चूक घडली की परिचारिकांच्या अज्ञानावर बोट ठेवण्याची प्रथा आहे. प्रशिक्षण हवेच, परंतु ज्ञान उपयोगात आणण्यास सवड आणि अधिकार लागतो. एकाच वेळी अनेक अत्यवस्थ रुग्ण सांभाळणारी परिचारिका मिनिटभर ठोके कसे मोजणार? मात्रेविषयी शंका विचारणे जेथे उद्धटपणा ठरते आणि चूक कबूल केल्यास नोकरीवर गदा येते, तेथे चुका लपतात व पुन्हा घडतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानुसार नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली होती. अल्प वेतनामुळे अनुभवी परिचारिका परदेशाची वाट धरतात आणि वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते. यंत्रांवरील खर्चाला गुंतवणूक आणि परिचारिकेच्या वेतनाला केवळ खर्च मानणारा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. त्याची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.