सणाचा दुसरा दिवस

नाताळ म्हटला की दिव्यांनी उजळलेली घरे, शृंगारलेले झाड, गोडधोड आणि भेटवस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ही सारी सणाची वस्त्रे होत; त्याचा प्राण नव्हे. तो प्राण कशात आहे, हे चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८४३ साली ‘ए ख्रिसमस कॅरोल’ या छोट्याशा कथेत दाखविले.

डिकन्स बारा वर्षांचा असताना, १८२४ साली, कर्जापायी त्याच्या वडिलांना लंडनमधील तुरुंगात जावे लागले. शाळेत बसण्याच्या वयात तो मुलगा बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसे. ते दिवस तो जन्मभर विसरला नाही. पुढे १८४३ साली, खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे हाल सांगणारा सरकारी अहवाल त्याने वाचला. त्यावर पत्रक काढण्याचा त्याचा विचार होता. पण अखेर त्याने कथा लिहिली.

कथेतील स्क्रूज हा एका पेढीचा कवडीचुंबक मालक. गरिबांसाठी देणगी मागावयास आलेल्यांना, त्यांच्याकरिता तुरुंग आहेतच, असे सांगून तो वाटेला लावतो. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला अवघ्या पंधरा शिलिंगांवर राबतो. बॉबचा धाकटा मुलगा टिम कुबडीच्या आधाराने चालतो. नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजला स्वतःचा भूत, वर्तमान आणि भविष्यकाळ दिसतो आणि त्याचे हृदय पालटते.

सकाळ होताच तो क्रॅचिटच्या घरी मेजवानीसाठी भलाथोरला टर्की पक्षी पाठवितो. हा प्रसंग वाचकांस फार आवडतो. परंतु कथेचे मर्म त्याच्याही पुढे आहे. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, बॉब कामावर उशिरा येतो. तेव्हा स्क्रूज त्याला दंड करीत नाही, तर त्याचा पगार वाढवितो. पुढे तो टिमला दुसऱ्या पित्यासारखा होतो आणि टिम जगतो.

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी गरिबाला काही दिले, एवढे पुरे नाही का? दान चांगलेच, पण ज्याच्या श्रमावर आपले सुख उभे आहे, त्याचे रास्त देणे त्याआधी यावे. भेटीने एका घरी एक दिवस चूल पेटते. योग्य मोबदल्याने ती वर्षभर पेटती राहते. भेट देणाऱ्याला मोठेपणा मिळतो. न्यायाने घेणाऱ्याचा मान राहतो.

हा धडा केवळ नाताळापुरता नाही. आपल्याकडे घरोघरी दिवाळीचे पोस्त देतात. ते हसतमुखाने द्यावेच; परंतु पाडवा, भाऊबीज सरल्यावर त्याच माणसाशी आपण कसे बोलतो, त्याचे वेतन वेळेवर देतो की नाही, हेही पाहावे. सण खरोखर साजरा झाला की नाही, हे दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच कळते.