लकडी पूल : पराभवानंतरची वाट

शनिवार पेठेत ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन नदीच्या वरच्या अंगाला चालू लागले, की काही मिनिटांतच छत्रपती संभाजी पूल लागतो. हे त्याचे अधिकृत नाव. पुणेकराच्या तोंडी मात्र तो आजही लकडी पूलच आहे. वास्तविक त्यात लाकडाची एक फळीही उरलेली नाही. मग हे नाव इतके चिवट का ठरावे?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव रणात पडले. त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांनी मुठेवर लाकडी पूल उभारविला. परतणाऱ्या सैन्याला नेहमीच्या वाटेने, लोकांच्या नजरा झेलीत शहरात यावे लागू नये, हा त्यामागील हेतू, असे परंपरा सांगते. दगडी पुलाला काळ लागतो आणि पराभूताला घरी परतण्याची घाई असते, म्हणून लाकूड! पुढे २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला.

आपण ही कथा लज्जेची म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. परंतु हरलेल्या माणसांना सन्मानाने घरी आणण्यासाठी जो राज्यकर्ता पूल बांधतो, त्याच्या समाजाने धीर सोडला होता असे कसे म्हणावे? अवघ्या सोळा वर्षांच्या माधवरावांनी पेशवाईची धुरा घेतली आणि १७७१ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत पोहोचल्या. दहा वर्षांत समाज पुन्हा उभा राहिला, तो असा.

पुलाचेही तेच झाले. मूळ लाकूड पुरात गेले. त्या जागी दगडी पूल आला. शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात १८८५ मध्ये सुरू झालेले फर्ग्युसन महाविद्यालय पुढे नदीपार गेले आणि पेठांतील मुले विद्येसाठी पलीकडे जाऊ लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पानिपतानंतर बरोबर दोनशे वर्षांनी याच पुलावरून मुठेचा लोंढा वाहिला. पेठांतील वाडे कोसळले. पण शहर पुन्हा सावरले. आजही आषाढी वारीच्या पालख्या याच पुलावरून पेठांत प्रवेश करतात.

नव्या पिढीला मात्र हा पूल केवळ वाहतुकीच्या खोळंब्यामुळे ठाऊक आहे. नाव राहिले आणि अर्थ गळून पडला, तर तेही विस्मरणच नव्हे काय? पुलाच्या दोन्ही टोकांना ठळक अक्षरांत हा इतिहास कोरलेला असावा. तोवर पालकांनी एका रविवारी मुलांचे बोट धरून हा पूल पायी ओलांडावा आणि त्यांना सांगावे : पराभव कोणत्याही समाजाच्या वाट्याला येऊ शकतो, त्यानंतर आपल्या माणसांसाठी वाट कोण बांधतो, यावरच त्याचे भवितव्य ठरते.