एकशे पाच

आम्हा वऱ्हाडकरांना मुंबईचा राग नाही, धाक मात्र आहे. असणारच! १९५७-५८ साली विदर्भ रणजीत उतरला आणि पुढच्याच वर्षापासून मुंबईने सलग १५ वेळा करंडक नेला. आमच्या घरी पहिला यायला २०१७-१८ उजाडले.

मार्च २०२४ चा अंतिम सामना वानखेडेवर झाला. अकोल्याची दोन पोरे, अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे, आमच्या संघात. मुंबई २२४ वर आटोपली म्हणून मी पेढ्यांचा विचार करतो तोच आमचे सगळे मिळून १०५! शेजारचे मुंबईकर म्हणाले, "संपलं का हो तुमचं?" मी बोललो नाही. पुढे मुंबईने ४१८ करून आमच्यापुढे ५३८ चा डोंगर ठेवला.

गंमत यानंतरची. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला विदर्भ ५ बाद ३३३! वाडकर आणि हर्ष दुबे हलायलाच तयार नाहीत. शेजाऱ्यांची खिडकी बंद झाली. मग १०२ वर वाडकर गेला, शेवटचे पाच गडी १५ धावांत पडले, १६९ धावांनी हार, आणि मुंबईचा ४२ वा करंडक.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपुरात उपान्त्य सामन्यात आम्ही याच मुंबईला ८० धावांनी हरवले. अमरावतीच्या मामांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न :
"पहिल्या डावात त्यांचे किती झाले बा? एकशे पाच?"
"नाही मामा, २७०."
मामा जरा खट्टूच झाले.