काय बिघडले? आणि कशामुळे?

उन्हाळ्यात नांदेड–लातूर मार्गावर लोहा, अहमदपूर, चाकूरच्या आसपास बॉनेट उघडून रस्त्याकडेला थांबलेली एखादी मोटार दिसणे नवलाचे नाही. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, की ‘हेड गॅस्केट उडाले’ असे निदान चटकन केले जाते. गॅस्केट बदलते, मोठे बिल चुकते होते आणि काही दिवसांत गाडी पुन्हा तापते. गॅस्केट जळणे हा बहुधा परिणाम असतो. मूळ कारण जागच्या जागीच राहिलेले असते. ताळेबंद जुळत नसेल तर शेवटची बेरीज खोडून भागत नाही, एकेक नोंद तपासावी लागते. इंजिनाचेही तसेच आहे.

पहिला प्रश्न असा, की गाडी केव्हा तापते? गर्दीत उभी असताना तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा, त्याचा फ्यूज व रिले पाहावा. वेगात वा चढावर तापत असेल, तर रेडिएटर चोंदला असण्याचा, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडल्याचा संभव अधिक. थर्मोस्टॅट साधारणतः 80 ते 90 अंश सेल्सिअसला उघडतो. तो अडकला, तर रेडिएटरची एक नळी कढत आणि दुसरी त्या मानाने गार राहते.

दुसरा प्रश्न, पाणी जाते कोठे? खाली थेंबही नाही, तरी पातळी घटते, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसते, अशा वेळी गॅस्केटचा संशय बळावतो. रेडिएटरमधील वायूने तपासणीचा निळा द्रव पिवळा पडल्यास तो पक्का होतो. मग हेडची सपाटी मोजल्याविना नवे गॅस्केट बसवणे व्यर्थ होय.

मराठवाड्यात आणखी एक कारण दुर्लक्षित राहते, ते म्हणजे बोअरचे जड पाणी. 2016 च्या दुष्काळात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे रेडिएटरसाठी निराळे पाणी कोण शोधणार? परंतु त्यातील क्षारांचा थर नळ्यांत साचतो आणि उष्णता बाहेर पडेनाशी होते. उत्पादकाने सांगितलेले कूलंट व डिस्टिल्ड पाणी यांचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो.

काटा चढताच गाडी थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उसळते. आणि गॅरेजमध्ये ‘काय बिघडले?’ एवढ्यावर न थांबता ‘कशामुळे बिघडले?’ हेही विचारावे. त्या उत्तरासाठी मोजलेले पैसे वाया जात नाहीत.